दोन तासांचा नियम

मंडळी, लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. सकाळी डेटाबेसचं सेशन उघडलं, काम झकास चाललं. मग मीटिंग लांबली, दीड तासाने येऊन एन्टर मारलं तर स्क्रीन ढिम्म. सर्व्हरवाला म्हणतो सर्व्हर चालू आहे, नेटवर्कवाला म्हणतो लिंक चालू आहे. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. या भांडणाचं मूळ बरंच जुनं आहे.

सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९३ आलं. संपादक जॉन पोस्टेल. त्यातली टीसीपीची कल्पना अशी, की कनेक्शन फक्त दोन टोकांच्या मशीन्सच्या मेमरीत राहतं. मधल्या राउटरला त्याचा पत्ताच नसतो, तो बापडा आलेलं पॅकेट पुढे ढकलतो. म्हणजे दोघं तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, मधली केबल कोणी काढून परत लावली, तरी कनेक्शन शाबूत! हे मुद्दाम केलेलं होतं. पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा, त्यामुळे मधलं काही कोसळलं तरी संवाद तुटू नये ही पहिली अट. डेव्हिड क्लार्क यांनी १९८८ च्या निबंधात हे सगळं छान समजावलंय. आजही वाचण्यासारखा आहे.

पण एका टोकाचं मशीनच कोणी बंद केलं तर? दुसरं टोक बसलंय वाट बघत, कायमचं. म्हणून कीपअलाइव्ह आलं: मधूनमधून "आहेस ना रे?" असं विचारायचं. यावर बरेच मतभेद होते. ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन यांनी संपादित केलेल्या आरएफसी ११२२ ने तोडगा काढला: कीपअलाइव्ह ठेवलंत तरी ते मुळात बंद असावं, आणि डिफॉल्ट अंतर दोन तासांपेक्षा कमी नसावं. कारणं? नेटवर्कला क्षणभर उचकी लागली तर चांगलं कनेक्शन उगाच मरेल, बँडविड्थ वाया जाईल, आणि काही मार्गांवर पॅकेटमागे पैसे पडतात. त्या काळाला हे अगदी शोभणारं होतं.

मग नव्वदच्या दशकात मधल्या पेट्यांना स्मरणशक्ती फुटली. आयपी पत्ते पुरेनात म्हणून मे १९९४ मध्ये नॅटचं आरएफसी १६३१ आलं, शिवाय फायरवॉल आल्या. यांना प्रत्येक कनेक्शनची नोंद एका टेबलात ठेवावी लागते. टेबल भरू नये म्हणून गप्प बसलेल्यांची नावं खोडतात. सिस्कोच्या पिक्स फायरवॉलची डिफॉल्ट मुदत होती एक तास. आता हिशोब करा: पहिली हाक दोन तासांनी, नाव कटतं एका तासात! आणि नाव कापल्याचं बहुतेक वेळा दोन्ही टोकांना कोणी कळवत नाही. तुमचं पॅकेट गुपचूप टाकून दिलं जातं, आणि लिनक्स पुन्हा पुन्हा पाठवत साधारण १५ मिनिटं झुंजतं. ढिम्म स्क्रीन ती हीच.

ऑक्टोबर २००८ मध्ये आरएफसी ५३८२ ने नॅटवाल्यांना बजावलं, की चालू कनेक्शनची नोंद किमान २ तास ४ मिनिटं ठेवा. ऐकतो कोण? ॲमेझॉनच्या नेटवर्क लोड बॅलन्सरचं टीसीपीसाठी डिफॉल्ट आहे ३५० सेकंद, अझूरच्या लोड बॅलन्सरचं ४ मिनिटं. लिनक्स मात्र अजून १९८९ च्या शब्दाला जागून ७२०० सेकंदांवर बसलंय. माझ्या मते चूक मधल्या पेटीची. जागा नाही हे मान्य, पण निदान सांगा तरी!

असो. सेशन तुटण्याची वेळ घड्याळ लावल्यासारखी ठरावीक असेल, आणि काम चालू असताना ते तुटत नसेल, तर आधी मधलं टेबल तपासा. आणि कर्नलमधला ७२०० चा आकडा ३०० पेक्षा खाली आणून निश्चिंत होऊ नका. प्रोग्रॅमने सॉकेटवर कीपअलाइव्ह स्वतः चालू केलेलं नसेल तर तो आकडा कोणी वाचतच नाही.