वेताळाचं उसनं शरीर

विक्रम-वेताळाची गोष्ट ऐकली नाही असं कुणी नसेल. राजा झाडावरचं प्रेत खांद्यावर घेतो आणि त्या प्रेतात शिरलेला वेताळ बोलायला लागतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त या गोष्टी आहेत. त्यातलं एकच लक्षात ठेवा: वेताळाला स्वतःचं शरीर नसतं, तो मेलेल्या माणसाचं वापरतो.

आता अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या नगरात येऊ. पारनेर, श्रीगोंदा, अकोले, कुठल्याही बाजूला जा. वेशीपाशी किंवा मारुतीच्या देवळाबाहेर शेंदराने माखलेला एखादा दगड दिसतोच. वर दोन डोळे चिकटवलेले. गाव त्याला कुठे वेताळ म्हणतं, कुठे म्हसोबा. पण त्या शेंदराखाली कधी कधी भलतंच काही असतं, ते म्हणजे वीरगळ.

वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाचा स्मारकदगड. महाराष्ट्रात यादवकाळात आणि त्यानंतरही असे दगड पुष्कळ उभे राहिले. तो खालून वर वाचायचा. तळाला लढाई, कधी गाई पळवणाऱ्यांशी झटापट. मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. वर तो शिवलिंगाची पूजा करतोय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील.

कीर्तीचं काय झालं? बहुतेक वीरगळांवर नावच कोरलेलं नाही. चार-पाच पिढ्यांत ओळख पुसली, पावसाने कोरीवकाम झिजलं, एखादा कोपरा उडाला. आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. पण तांदळा, म्हणजे बिनआकाराचा देव, खंडित होणार कसा? तेलात कालवलेला शेंदूर थापला की चीर बुजते, तुटलेली कड गोल होते. गावाच्या लेखी हीच डागडुजी. त्यात अवचित, हिंसक मरण आलेल्याचा जीव भटकतो ही जुनी समजूत. त्याला शांत ठेवायचं तर पूजा हवी. असा भुतांचा राजा एका मेलेल्या शिपायाच्या दगडात राहायला आला, थेट गोष्टीतल्यासारखा!

धनगरांबरोबर हिंडून इथल्या लोकदैवतांचा अभ्यास करणाऱ्या ग्युंथर सोन्थायमर यांनी एस. सेट्टर यांच्यासोबत 1982 मध्ये भारतातल्या स्मारकदगडांवर मोठा ग्रंथ संपादित केला. वीर आणि देव यांच्यातली ही ये-जा अभ्यासकांना चांगलीच ओळखीची आहे.

दुसऱ्या प्रकारची दुरुस्ती याच्या बरोबर उलटी: थर काढायचे. 2022 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या सप्तशृंगी देवीचं मंदिर दीड महिना बंद ठेवून हजार किलोहून जास्त शेंदूर उतरवला गेला आणि देवीचं मूळ रूप समोर आलं. ते काम तज्ज्ञांनी केलं. गावच्या वीरगळावर मात्र तारेचा ब्रश चालतो, ॲसिड ओततात, नाहीतर चकचकीत ऑइल पेंट फासतात. झिजलेल्या बेसॉल्टवरची बोटभर उंचीची अप्सरा एका दुपारीत जाऊ शकते. शिवाय शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तो खरवडला की विषारी धूळ थेट नाकातोंडात.

आणि समजा, सगळं नीट उतरवलं. मग वीर परत मिळतो, पण गावाचा वेताळ जातो. शेंदूर लावणाऱ्यांनीच तर हा दगड पायरीला किंवा बांधाला जाऊ दिला नाही! म्हणून थर काढायचा की ठेवायचा, हे ठरवताना तज्ज्ञ हवाच, पण गावही हवं.

तोवर तुम्ही एक करू शकता. संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च दगडाच्या अगदी कडेने, तिरका धरा. शेंदराचा थर पातळ असेल तर एखादी तलवार, घोड्याची मान, चंद्रकोर सावलीत उठून दिसते. फोटो काढा, उंची-रुंदी मोजा, जागा लिहून ठेवा. दगडाला हात न लावता वीराची निदान नोंद तरी होईल.

पुढच्या भागात भेटू!