शायेनचा रोडिओ आणि त्यामागचे बिनपगारी हात

अमेरिकेतील वायोमिंग राज्याची राजधानी शायेन हे तसे लहान शहर. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ६५ हजारांच्या आसपास होती. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० मीटर उंचीवर, वाऱ्याने झोडपलेल्या गवताळ माळरानावर ते वसले आहे. एरवी शांत असणाऱ्या या शहरात जुलैच्या अखेरीस दहा दिवस पाऊल ठेवायला जागा उरत नाही. ‘शायेन फ्रंटियर डेज’ हा तेथील वार्षिक रोडिओ या दहा दिवसांत भरतो आणि शहराच्या लोकसंख्येच्या कित्येक पट पाहुणे त्यासाठी येतात. जगातील सर्वांत मोठ्या खुल्या मैदानावरील रोडिओंमध्ये त्याची गणना होते. अमेरिकेतील काउबॉय त्याला आदराने ‘सगळ्यांचा बाप’ म्हणतात. एवढा मोठा डोलारा मोजक्या पगारी कर्मचाऱ्यांच्या आणि सुमारे अडीच हजार स्वयंसेवकांच्या बळावर उभा राहतो, हे मात्र प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

‘रोडिओ’ हा शब्द स्पॅनिश भाषेतून आला. ‘घेरणे’ हा त्याचा मूळ अर्थ. माळावर मोकळ्या चरणाऱ्या गुरांना घेरून एकत्र आणणे, वासरांना डागणे, विक्रीची जनावरे वेगळी काढणे हे काम मेक्सिकोतील घोडेस्वार गुराखी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. त्यांचे खोगीर, त्यांचा फास आणि त्यांची अर्धीअधिक शब्दसंपत्ती टेक्सासच्या काउबॉयांनी उचलली. १८६७ मध्ये ‘युनियन पॅसिफिक’ रेल्वे माळरानावर पोचली आणि तिच्याबरोबर शायेन शहर जन्माला आले. टेक्सासहून उत्तरेकडे हाकत आणलेल्या गुरांच्या कळपांवर तेथे मोठी संपत्ती उभी राहिली. पुढे १८८६-८७ च्या भीषण हिवाळ्यात बर्फाखाली असंख्य गुरे मेली. काटेरी तारांच्या कुंपणांनी उघडी कुरणेही बंद केली. ज्या हातांना अंगावर येणारा बैल दोरीने आडवा करता येत होता, त्यांना काम उरले नाही. रोडिओ हा खेळ बहरला तो या पडझडीनंतर. उपजीविकेचे कौशल्य निरुपयोगी होऊ लागले की त्याचा खेळ होतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

शायेनच्या रोडिओचा उगम मात्र निव्वळ गतकाळाच्या ओढीतून झालेला नाही. १८९३ च्या आर्थिक मंदीतून शहर अजून पुरते सावरले नव्हते. युनियन पॅसिफिकचे प्रवासी वाहतूक प्रतिनिधी फ्रेडरिक एंजियर यांना रेल्वेसाठी प्रवासी हवे होते. शेजारच्या कोलोरॅडो राज्यातील ग्रीली या गावी ‘बटाटा दिन’ साजरा होत असे आणि त्याला चांगली गर्दी लोटे. शायेननेही असे काही करावे, ही कल्पना एंजियर यांनी स्थानिक वृत्तपत्राचे संपादक कर्नल ई. ए. स्लॅक यांच्या गळी उतरवली. बटाट्यांऐवजी काउबॉय दाखवायचे ठरले. गावातील प्रतिष्ठितांची एक समिती बनली, वॉरन रिचर्डसन तिचे अध्यक्ष झाले आणि २३ सप्टेंबर १८९७ रोजी एका दिवसाचा पहिला सोहळा पार पडला. घोड्यांच्या शर्यती, बुजऱ्या घोड्यांवरील स्वारी आणि बैलांना फास टाकण्याची चुरस यांच्या जोडीला टपालगाडी लुटण्याचे नाटकही त्या दिवशी रंगले. म्हणजे सीमाप्रदेशाचे ‘जुने दिवस’ पुरते सरण्याआधीच त्यांचे नाटक सुरू झाले होते!

दुसऱ्याच वर्षी सोहळा दोन दिवसांचा झाला. ‘बफेलो बिल’ म्हणून गाजलेले विल्यम कोडी आपला ताफा घेऊन मिरवणुकीत सामील झाले आणि मूळ निवासी जमातींचे लोकही त्याच सुमारास सोहळ्यात दिसू लागले. शहराने ज्या शायेन जमातीचे नाव घेतले, तिला या माळावरून हुसकावले गेले होते. त्यामुळे निमंत्रित कलावंत म्हणून मूळ निवासी येथे यावेत, यात एक बोचरा विरोधाभास आहे. आजही रोडिओच्या आवारात मूळ निवासींचे गाव उभे राहते, त्यांची नृत्ये होतात आणि तेथे प्रवेश विनामूल्य असतो.

१९०४ चे वर्ष दोन कारणांसाठी लक्षात राहिले. त्या वर्षी बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयने धावत्या घोड्यावरून बैलावर झेप घेतली, त्याची शिंगे पिळली आणि ओठ दातांत धरून त्याला लोळवले. आजच्या रोडिओतील बैलाशी कुस्तीचा प्रकार त्याच्याच या कसबातून रूढ झाला. दातांचा वापर तेवढा मागे पडला. बर्था केपर्निक या तरुणीने त्याच वर्षी बुजऱ्या घोड्यावर स्वारी केली. मैदान पावसाने इतके चिखलमय झाले होते, की पुरुष स्पर्धक उतरायला कचरत होते, असे सांगतात. वायोमिंगने १८६९ मध्येच स्त्रियांना मताधिकार दिला होता. त्या राज्याला ही घटना शोभणारीच होती. १९०८ पासून रोडिओ ‘फ्रंटियर पार्क’ या आजच्या जागी भरू लागला. १९१० मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला हजेरी लावली.

आठ सेकंदांचा हिशेब

रोडिओतील खेळांचे ढोबळ दोन गट पडतात. पहिल्यात घोड्यावर वा वळूवर आठ सेकंद टिकायचे असते. स्वाराला एकाच हाताने पकड घेता येते. मोकळा हात जनावराला लागला तर तो बाद होतो. गुण शंभरपैकी दिले जातात आणि त्यातले निम्मे जनावराच्या उसळीला असतात. त्यामुळे वाट्याला गरीब जनावर आले, की निष्णात स्वाराचीही पंचाईत होते. दुसऱ्या गटात घड्याळाशी शर्यत असते. वासराला फास टाकून, घोड्यावरून उडी मारून, त्याचे तीन पाय बांधायचे आणि ती गाठ सहा सेकंद टिकली पाहिजे. दोघांनी मिळून बैलाचे डोके व मागचे पाय दोरीत पकडणे आणि घोड्यावरून तीन पिंपांना वळसे घालत धावणे हेही याच गटातले.

स्पर्धकांना पगार नसतो. प्रवासखर्च स्वतःचा, वर प्रवेश शुल्क स्वतः भरायचे. बक्षिसाची रक्कम या शुल्कातून आणि संयोजन समितीने घातलेल्या पैशांतून उभी राहते. जो जिंकला नाही, तो पदरमोड करून पुढच्या गावी जातो. मैदानात उतरणारा आणि त्याच्यासाठी फाटक उघडणारा, दोघेही एका अर्थाने बिनपगारी असतात.

बारा महिन्यांचे काम

पंच, समालोचक, जनावरे पुरवणारे कंत्राटदार, पडलेल्या स्वारावरून वळूचे लक्ष दुसरीकडे वेधणारे ‘बुलफायटर’ हे सारे व्यावसायिक. बाकी जवळपास सगळे काम गावकऱ्यांचे. तिकिटे, मैदान, मिरवणूक, सुरक्षा, खाद्यपदार्थ, प्रसिद्धी, लष्कराशी समन्वय, मूळ निवासींचे गाव अशा प्रत्येक कामाला स्वतंत्र समिती आहे आणि समित्यांच्या प्रमुखांची मिळून सर्वसाधारण समिती बनते. तिचे अध्यक्षपदही बिनपगारीच आहे. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या संस्थेचा मुख्य माणूस आपला नोकरीधंदा सांभाळून हे काम करतो. पुण्यामुंबईत सार्वजनिक गणेशोत्सवाच्या मंडळात राबलेल्यांना ही रचना परकी वाटणार नाही. फरक आहे तो व्याप्तीचा: येथे एक अख्खे शहर हेच मंडळ असते.

काम जुलैमध्ये सुरू होत नाही. कलाकारांशी करार, कुंपणांची दुरुस्ती, वाहनतळांची आखणी, नव्या स्वयंसेवकांची भरती हे वर्षभर चालते. बरेच जण वर्षाची रजा याच दहा दिवसांसाठी राखून ठेवतात. कामाला कोणी सहसा थेट वरच्या पायरीवर लागत नाही. आधी वाहने लावायला मदत करायची, प्रवेशद्वारावर उभे राहायचे, मग हळूहळू जनावरांच्या कोंडीपर्यंत पोचायचे. आजोबांनी जे फाटक सांभाळले त्याच फाटकावर नातवाने उभे राहावे, ही येथे मिरवण्याजोगी गोष्ट मानली जाते.

सर्वांत नजरेत भरणारे काम मिरवणुकीचे. शायेनच्या संग्रहात घोड्यांनी ओढायच्या दीडशेच्या आसपास जुन्या गाड्या आहेत. त्यांत प्रवासी टपालगाड्या आहेत, श्रीमंतांच्या बग्ग्या आहेत, मालवाहू छकडेही आहेत. रोडिओशेजारच्या ‘ओल्ड वेस्ट’ संग्रहालयात त्यांतल्या काही एरवी पाहायला मिळतात. पण त्या केवळ काचेआड ठेवण्यासाठी नाहीत. मिरवणुकीच्या दिवशी त्यांना घोडे जुंपले जातात आणि जुन्या धाटणीचे पोशाख घातलेले गावकरी त्यांतून फिरतात. शंभर वर्षांपूर्वीचे लाकडी चाक डांबरी रस्त्यावर चालते ठेवायचे तर आरे, धावा, कातडी पट्टे यांची देखभाल जाणणारी माणसे हवीत. बाजारात ते कसब आता सहजी मिळत नाही. ते एका स्वयंसेवकाकडून दुसऱ्याकडे जाते.

फुकट न्याहारीची गोष्टही सांगण्याजोगी आहे. १९५२ पासून रोडिओच्या आठवड्यात सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी शहराच्या मध्यवर्ती चौकात ‘किवानिस क्लब’चे सदस्य येईल त्याला पॅनकेक खाऊ घालतात. गोडसर आंबोळीसारखा हा पदार्थ तीन दिवसांत मिळून एक लाखाच्या घरात लागतो. एवढे पीठ कालवायला कोणते भांडे पुरणार? त्यासाठी काँक्रीट मिक्सर लावतात! तव्यावरून उलथन्याने हवेत उडवलेले पॅनकेक झेलायला स्काउटची मुले धावतात. काही पॅनकेक अर्थातच जमिनीवर पडतात.

जोखीम आणि आक्षेप

या उत्सवाची दुसरी बाजू रक्ताची आहे. ३० जुलै १९८९ रोजी लेन फ्रॉस्ट हा २५ वर्षांचा विश्वविजेता स्वार ‘टेकिन केअर ऑफ बिझनेस’ नावाच्या वळूवर आठ सेकंद टिकला आणि खाली उतरला. वळूने वळून त्याच्या पाठीत धडक दिली. बरगड्या मोडल्या आणि त्याचा मृत्यू ओढवला. त्याचा मित्र कोडी लॅम्बर्ट याने त्यानंतर स्वारांसाठी संरक्षक जाकीट तयार केले. आज ते न घालता वळूवर बसणारा व्यावसायिक स्वार दिसत नाही. फ्रॉस्टचा पुतळा फ्रंटियर पार्कमध्ये आहे.

माणूस आपल्या मर्जीने जोखीम पत्करतो. जनावराचे काय, हा प्रश्न प्राणिमित्र संघटना सातत्याने विचारतात. उसळावे म्हणून जनावराच्या कमरेभोवती बांधला जाणारा पट्टा, वासराच्या गळ्याला बसणारा हिसका आणि विशेषतः धावत्या बैलाला दोरीने भिरकावून पाडण्याचा प्रकार यांवर त्यांचा रोख असतो. हा शेवटचा प्रकार मोजक्याच ठिकाणी उरला आहे आणि शायेनमध्ये तो पहिल्या वर्षापासून चालू आहे. व्यावसायिक रोडिओ संघटनेचे जनावरांच्या निगेबाबत अनेक नियम आहेत आणि पशुवैद्याची उपस्थिती बंधनकारक आहे, असे संयोजक सांगतात. नियमांनी इजा कमी होते, टळत नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खोडता येत नाही. महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये आलेली बंदी, २०२१ मध्ये मिळालेली सशर्त मुभा आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिलेला निर्णय या साऱ्या वादातही परंपरा आणि क्रौर्य यांची सीमा कोठे आखायची, हाच मुद्दा होता. शायेनमध्ये तो न्यायालयापेक्षा प्रेक्षागृहाबाहेर अधिक लढला जातो.

दोन महायुद्धे आणि मंदीची दशके यांतही हा रोडिओ भरत राहिला. तो थांबला २०२० मध्ये. करोनाच्या साथीमुळे मे महिन्याच्या अखेरीस वायोमिंगचे गव्हर्नर मार्क गॉर्डन यांनी राज्यातील मोठे रोडिओ रद्द झाल्याचे जाहीर केले. त्यात शायेनही होते. इतिहासात प्रथमच जुलै सुना गेला. हॉटेले, भोजनगृहे आणि दुकानांचे त्या दहा दिवसांवर अवलंबून असलेले उत्पन्न बुडाले. स्वयंसेवकांचे नुकसान पैशांत मोजण्याजोगे नव्हते. वर्षाची आखणी ज्या कामाभोवती व्हायची, ते कामच त्या उन्हाळ्यात नव्हते.

जुलै २०२१ मध्ये सोहळा पुन्हा भरला आणि तो १२५ वा म्हणून साजरा झाला. आता नेहमीप्रमाणे अखेरच्या दिवशी विजेत्यांना कमरपट्ट्याची बकले दिली जातात, कंत्राटदार जनावरे गाड्यांत चढवतात, प्रेक्षक महामार्गाला लागतात. मैदानात मागे राहतात ती समित्यांची माणसे. कुंपणे उतरवायची असतात, कचरा गोळा करायचा असतो आणि बग्ग्या धुऊनपुसून पुन्हा छपराखाली न्यायच्या असतात.