चांदी, बारीक करून

इंदुरात कृष्णपुऱ्याच्या होळकर छत्र्यांपासून राजवाड्यामागच्या सराफ्यात यायला पायी दहा मिनिटं पुरतात. तिथे चांदी दिवसा तागडीत बसते आणि रात्री मिठाईवर वर्ख होऊन येते. बर्फीला बोट लावलं की वर्ख बोटाला चिकटतो, फुंकर मारली तर फाटून उडतो. अन्नसुरक्षेच्या नियमानुसार ही चांदी हजारात 999 शुद्ध हवी आणि वर्ख चौरस मीटरला 2.8 ग्रॅमपेक्षा जड नको. मी भागाकार करून पाहिला. जाडी येते जास्तीत जास्त 270 नॅनोमीटरच्या आसपास. नॅनोकण 100 च्या खालचा. म्हणजे हातोडीने ठोकता ठोकता माणूस उंबऱ्यापर्यंत पोचलाच होता. तो ओलांडला रसायनाने.

फिलाडेल्फियाच्या केरी ली यांनी 1889 मध्ये चांदीच्या क्षारात लोहाचा क्षार आणि सायट्रेट घालून चांदीचं कलिल, म्हणजे द्रवात तरंगत राहणारे बारीक कण, बनवलं. ली छायाचित्रणाच्या रसायनांतले जाणकार, औषध त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या कृतीतले कण सरासरी 7 ते 9 नॅनोमीटरचे निघतात. नॅनो हा शब्द आज नवलाईचा वाटतो. माल मात्र आपल्या पणजोबांच्या काळचा.

औषधाचा धागा क्रेडे बापलेकांचा. लायप्झिगचे कार्ल क्रेडे 1880 पासून नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालू लागले आणि परम्याच्या जंतूंनी येणारं अंधत्व झपाट्याने उतरलं. मुलगा बेन्नो शल्यचिकित्सक. त्याने चांदीचं कलिल जखमांवर आणि थेट शिरेतूनही दिलं. ते ‘कोलारगोल’ नावाने 1897 पासून कारखान्यात बनू लागलं. आपल्याकडे बारशाला चांदीची वाटी देतात, तिच्याशी याचं नातं जोडायचा मोह मला आवरतो. वाटी घट्ट असते, आणि मेख नेमकी तिथेच आहे.

जंतूला मारतात ते चांदीच्या पृष्ठभागावरून सुटणारे आयन. ते जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात, आवरण सैल करतात. म्हणून सगळा खेळ पृष्ठभागाचा. नियमात बसणारा जाडात जाड वर्ख एक ग्रॅम घेऊन दोन्ही बाजूंनी मोजला तरी पाऊण चौरस मीटर भरत नाही. तीच चांदी 10 नॅनोमीटरच्या कणांत वाटली, तर पृष्ठभाग होतो सुमारे 57 चौरस मीटर. सहाशे चौरस फुटांचा फ्लॅट!

पेनिसिलिन आलं आणि चांदी अडगळीत गेली. 1968 मध्ये चार्ल्स फॉक्स यांच्या सिल्व्हर सल्फाडायझिनने तिला भाजलेल्यांच्या वॉर्डात परत आणलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी 7 ते 20 नॅनोमीटरच्या कणांचं मलम तयार केलं, त्याचा शोधनिबंध 2009 चा. पण जंतूही स्वस्थ नव्हते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात, भाजलेल्यांच्याच वॉर्डात, सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला सापडल्याची नोंद 1975 ची आहे. तो अँपिसिलिनलाही जुमानत नव्हता. चांदीपुढे जंतूंना सवय लागत नाही, असं जे सर्रास सांगितलं जातं, ते म्हणूनच खरं नाही.

डोळा, जखम, भाजलेली कातडी: चांदी इतकी वर्षं मुख्यतः अंगाच्या बाहेरच्या कडेवर राबली. फुप्फुस आत आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला क्लेब्सिएला, स्यूडोमोनास, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जंतू गाठतात. ते चिकट थर करून राहतात आणि अँटिबायोटिक त्या थरात नीट शिरत नाही. चांदी तिथे पोचवण्याचा सर्वांत सरळ प्रयोग नॅनोचा नव्हताच; श्वासनलिकेत घालायच्या नळीलाच चांदीचा लेप दिला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, 24 तास किंवा त्याहून जास्त नळी असलेल्यांपैकी साध्या नळीच्या 7.5 टक्के रुग्णांना न्यूमोनिया झाला, चांदीच्या नळीच्या 4.8 टक्के. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही.

नळीचा एक गुण असा की काम झालं की ती बाहेर काढता येते. फवाऱ्यातून आत गेलेला कण कोण काढणार? कोरोनात ‘चांदीचं पाणी’ विकणारे उगवले होते, ते या प्रश्नाकडे फिरकलेही नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1999 मध्येच सांगून ठेवलं होतं की दुकानात मिळणारी कलिल चांदी ना सुरक्षित ठरलेली, ना गुणकारी. ती दीर्घकाळ पोटात घेणाऱ्याची कातडी कायमची निळी-करडी होते, हे तर त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. फुप्फुसाच्या संसर्गावर श्वासातून द्यायचं चांदीच्या नॅनोकणांचं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. कोरियातल्या संशोधकांनी उंदरांना 90 दिवस, आठवड्याचे पाच दिवस, रोज सहा तास, सुमारे 18 नॅनोमीटरच्या कणांच्या हवेत ठेवलं. त्यांच्या फुप्फुसांत दाह दिसला, आणि एका श्वासात आत जाणारी हवा कमी झालेली होती.