हार्ड डिस्क ‘न सापडण्या’चा इतिहास

लिनक्ससारखी पर्यायी कार्यप्रणाली सुरू करताना संगणकातली हार्ड डिस्क दिसत नाही, ही तक्रार लिनक्सइतकीच जुनी आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत लिहिलेल्या कर्नलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला, आरंभी फक्त एटी प्रकारच्या डिस्कची ओळख होती, कारण त्यांच्या स्वतःच्या यंत्रात तीच होती. स्कझी जोडणीची डिस्क असणाऱ्यांना काही काळ थांबावे लागले.

तक्रारीचे मूळ मात्र आयबीएम पीसीच्या रचनेत आहे. त्या यंत्रात डिस्क वाचण्याचे काम बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेला छोटा प्रोग्राम, करीत असे आणि डॉस त्याच्यावरच विसंबून राही. लिनक्सचे कर्नल एकदा चालू झाले की बायोसला बाजूला सारून स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्कच्या नियंत्रकाशी थेट बोलते. त्यामुळे एकाच डिस्कची ओळख दोनदा पटावी लागते, आधी बायोसला व मग कर्नलला, आणि गेल्या तीन दशकांतले बहुतेक बिघाड या हस्तांतराच्या अलीकडे किंवा पलीकडे घडलेले आहेत.

हस्तांतराच्या अलीकडच्या, म्हणजे बायोसच्या बाजूच्या, बिघाडांत सर्वांत कुप्रसिद्ध ठरली ती १०२४ सिलिंडरांची मर्यादा. डिस्कवरील जागा सांगताना बायोस सिलिंडर, हेड आणि सेक्टर असे तीन आकडे वापरी, आणि सिलिंडरसाठी १० बिटच राखलेले असल्याने १०२४च्या पुढचा सिलिंडर त्याला गाठता येत नसे. आयडीई या तेव्हाच्या सामान्य जोडणीच्या डिस्कच्या १६ हेडांच्या मर्यादेशी हे गणित जुळवले की सुमारे ५२८ दशलक्ष बाइटांवर सारे थांबे. हेडांची संख्या फुगवून दाखवण्याच्या युक्तीने ही सीमा ८.४ गिगाबाइटांपर्यंत गेली. वेर्नर आल्मेसबर्गर यांचा लिलो हा बूटलोडर, म्हणजे कर्नलला स्मृतीत आणून बसवणारा प्रोग्राम, बायोसच्याच साहाय्याने वाचत असल्यामुळे कर्नल या सीमेच्या आत असणे भाग होते, आणि डिस्कच्या आरंभी लहानसे बूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, ठेवण्याची प्रथा त्यातूनच रूढ झाली. लिलो सुरू होताना पडद्यावर स्वतःच्या नावाची चार अक्षरे एकेक करून उमटवी. पहिल्या दोन अक्षरांनंतर ते थांबले तर लिलोचा दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालला नाही, आणि बहुधा डिस्कच्या मापांचा मेळ बसलेला नाही, असे जाणकार ताडत असत. बिघाडाची जागा इतक्या थोडक्यात व प्रामाणिकपणे सांगणारी व्यवस्था नंतर क्वचितच झाली.

पलीकडची, म्हणजे कर्नलच्या बाजूची, अडचण निराळी होती. नियंत्रकाचा ड्रायव्हर डिस्कवरच असेल, तर ड्रायव्हरवाचून डिस्क वाचता येत नाही आणि डिस्क वाचल्यावाचून ड्रायव्हर मिळत नाही. हा पेच १९९६च्या सुमारास इनिटआरडीने सोडवला: आवश्यक ड्रायव्हरांची एक तात्पुरती फाइलप्रणाली बूटलोडरच स्मृतीत ठेवू लागला. पुढे कर्नलमधील बदलांनी डिस्कचे नाव ‘एचडीए’ऐवजी ‘एसडीए’ झाले, तेव्हा जुन्या नावावर बांधलेली यंत्रे अडली आणि पार्टिशन यूयूआयडी या स्थिर ओळखक्रमांकाने ओळखण्याची पद्धत रुळली.

डिस्क न सापडण्याचा दोष पर्यायी प्रणालींचाच मानणे मात्र अन्यायाचे आहे. साटा या नंतरच्या जोडणीच्या अनेक नियंत्रकांवर विंडोज एक्सपी बसवताना एफ-६ कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरांपासून अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी या नियंत्रकामागे एनव्हीएमई डिस्क ठेवली गेली, तेव्हा वेगळा ड्रायव्हर दिल्याखेरीज विंडोजच्या इन्स्टॉलरलाही ती दिसेना. इंटेलच्या त्याआधीच्या ‘रेड’ पद्धतीत ती साटा नियंत्रकाआड झाकली जाई आणि लिनक्सला सापडत नसे. २०१६ साली लेनोव्होच्या योगा ९०० मालिकेतील एका लॅपटॉपच्या बायोस सेटअपमध्ये ही पद्धत बदलून एएचसीआय ही सर्वसामान्य पद्धत निवडण्याची सोयच नव्हती. वापरकर्त्यांच्या तक्रारींनंतर कंपनीने लिनक्ससाठी वेगळे बायोस दिले.

म्हणून आजही डिस्क दिसली नाही तर ती निकामी ठरवण्यापूर्वी सेटअपमधील ‘रेड’, ‘व्हीएमडी’ आणि ‘एएचसीआय’ या नोंदी पाहाव्यात. त्याच यंत्रात विंडोज असल्यास आधी माहितीची प्रत काढून विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होण्यास नेमून ठेवावे, अन्यथा पद्धत बदलल्यावर विंडोजलाच आपली डिस्क सापडेनाशी होऊ शकते.