सीट बेल्ट इशारा दिवा (जुन्या मोटारींतील बिघाड)

सीट बेल्ट इशारा दिवा हा मोटारीच्या दर्शनी फलकावरील (बोलीभाषेत 'मीटर'मधील) लाल रंगाचा दिवा होय. बसलेली व्यक्ती आणि तिच्या छातीवरून तिरपा गेलेला पट्टा अशी त्याची आकृती असते. चालकाने किंवा शेजारच्या प्रवाशाने पट्टा लावला नसल्यास तो पेटतो व बहुतेक गाड्यांत त्याबरोबर ध्वनीही वाजतो. जुन्या मोटारींत हा दिवा पट्टा लावूनही पेटता राहतो, किंवा पट्टा न लावताही पेटत नाही. पहिल्या बिघाडाचा त्रास होतो म्हणून तो लगेच दुरुस्तीला येतो. दुसऱ्याचा काहीच त्रास होत नाही आणि म्हणूनच तो अधिक धोक्याचा आहे.

पार्श्वभूमी

तीन ठिकाणी बांधला जाणारा आजचा पट्टा नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वो कंपनीसाठी १९५९ मध्ये सिद्ध केला. पट्टा बसवला तरी लोक तो लावत नाहीत, हे लवकरच ध्यानात आले. अमेरिकेत १९७४ च्या मोटारींना तर पट्टा लावल्याशिवाय इंजिनच सुरू होणार नाही अशी योजना सक्तीची झाली. परंतु लोकांचा रोष इतका झाला की त्याच वर्षी तेथील संसदेने ती सक्ती रद्द केली. दिवा आणि काही सेकंदांचा ध्वनी एवढेच मागे उरले.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८(३) अन्वये पट्टा लावणे बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेल्या कलम १९४-ब नुसार त्यासाठी १,००० रुपये दंड आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींत चालक व पुढील प्रवासी यांच्यासाठी इशारा यंत्रणा अनिवार्य झाली. त्याआधीच्या मोटारींपैकी काहींत दिवा आहे, काहींत केवळ चालकापुरता आहे, तर कित्येकांत मुळीच नाही. त्यामुळे 'दिवा लागत नाही' ही तक्रार तपासण्यापूर्वी त्या गाडीत तो होता काय, हे मालक-पुस्तिकेत पाहावे.

रचना

पट्ट्याची जीभ ज्यात अडकते त्या बकलच्या आत एक लहान स्विच असतो. त्याच्या दोन तारा आसनाखालील जोडणीतून ('कपलर'मधून) गाडीच्या मुख्य वायरिंगला मिळतात व पुढे दिव्यापर्यंत जातात. पुष्कळ जुन्या गाड्यांत पट्टा मोकळा असताना परिपथ जोडलेला असतो आणि जीभ आत गेली की तो तुटतो. अशा गाडीत तार तुटली तर दिवा कायमचा विझतो. दोन तारा एकमेकींना किंवा गाडीच्या धातूला टेकल्या तर तो कायमचा पेटतो. काही गाड्यांत ही रचना उलट असते. म्हणून वायरिंगचा नकाशा न पाहता स्विच 'गेला' असा निकाल देणे घाईचे ठरते.

पुढील प्रवाशाच्या आसनात गादीखाली भाराची जाणीव घेणारे पातळ आवरण असते. तेथे तांदळाची गोणी किंवा आंब्याची पेटी ठेवली तरी दिवा पेटतो. तो बिघाड नव्हे.

महाड-पोलादपूर परिसरातील कारणे

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे हे दोन तालुके मुंबई-गोवा महामार्गावर आहेत. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला आणि महाडहून वरंध घाटाने भोरला रस्ता जातो. दक्षिणेस कशेडी घाट आहे. वळणावळणाच्या रस्त्यावर आसने हलतात, पुढेमागे सरकवली जातात आणि त्यांखालच्या तारा घासतात किंवा ताणल्या जातात. परंतु या भागातील मुख्य शत्रू पाणी आहे. महाड शहर सावित्री व गांधारी या नद्यांच्या काठी वसले असून २००५ आणि २०२१ च्या जुलैमधील पुरांनी त्याचे मोठे नुकसान केले. पुराचे पाणी मोटारीत शिरले की प्रथम गाठते ते तळाचे गालिचे आणि आसनाखालचे कपलर. पाणी ओसरते, गाळ मात्र पितळी टोकांवर बसतो. काही आठवड्यांनी तेथे हिरवट गंज धरतो आणि दिवा कधी लागतो, कधी लागत नाही. पूर न आलेल्या घरीही चार महिन्यांचे पावसाळी दमट हवामान आणि ओल्या छत्र्या-चपला हेच काम सावकाश करतात.

एअरबॅग असलेल्या गाडीत याला आणखी एक बाजू आहे. एअरबॅगचे नियंत्रक उपकरण पुष्कळदा दोन आसनांच्या मधल्या भागात, तळाशीच बसवलेले असते. पुरात बुडालेल्या गाडीत एअरबॅगचा वेगळा दिवा पेटता राहिला, तर तो प्रश्न बकलपुरता नसतो.

तपास

चावी फिरवून गाडी 'ऑन' केल्यावर इतर इशारा दिव्यांबरोबर हा दिवा काही क्षण पेटतो का, हे प्रथम पाहावे. इतर दिवे पेटले आणि हाच पेटला नाही, तर दोष दिव्यात किंवा त्याच्या मार्गात असावा. सगळेच विझलेले असल्यास फ्यूज तपासावा.

त्यानंतर बकल. नाणे, बिस्किटांचा चुरा, सुपारीचे तुकडे, लहान मुलांनी घातलेल्या काड्या असे काय काय त्यात सापडते. टॉर्चच्या उजेडात पाहून मऊ ब्रशने किंवा हवेच्या फवाऱ्याने ते स्वच्छ करावे. तेल वा वंगण सोडू नये, कारण त्याला धूळ चिकटते व जीभ नीट अडकण्यास अडथळा येतो. जीभ आत गेल्यावर स्पष्ट 'खट्' असा आवाज यावा आणि झटका देऊनही ती सुटू नये. तसे होत नसेल तर दिव्याचा विचार बाजूला ठेवून संपूर्ण बकल बदलणे आवश्यक आहे.

बकल चांगले असेल तर आसनाखालचा कपलर पाहावा. आसन पुढेमागे सरकवताना दिवा लुकलुकत असेल तर दोष जवळजवळ निश्चित तेथेच आहे. साध्या स्विचची तपासणी मल्टिमीटरने करता येते: जीभ आत व बाहेर असताना परिपथ जोडला-तुटला पाहिजे. नव्या गाड्यांत मात्र चुंबकीय संवेदक असतो आणि त्याला ही पद्धत लागू पडत नाही.

पिवळ्या रंगाचे कपलर व तारा एअरबॅगच्या, तसेच अपघातात पट्टा क्षणात ताणणाऱ्या स्फोटक यंत्रणेच्या असतात. त्यांना मल्टिमीटर किंवा टेस्ट-दिवा कधीही लावू नये. त्या सूक्ष्म प्रवाहानेही यंत्रणा उडण्याची शक्यता असते. आसन काढण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडावे आणि पुस्तिकेत सांगितलेला वेळ, बहुधा काही मिनिटे, थांबावे. हे काम शिकलेल्या कारागिराकडेच द्यावे.

इशारा बंद करण्याची पळवाट

दुरुस्तीऐवजी बकलमध्ये नकली जीभ अडकवणे किंवा कपलर उपटून ठेवणे हे प्रकार सर्रास होतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-व्यापार मंचांविरुद्ध अशा नकली क्लिपांच्या विक्रीबाबत आदेश दिले आणि १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. त्याआधी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीवरील पुलाजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागील आसनावर बसलेल्या त्यांनी पट्टा लावला नव्हता. त्यानंतर पट्ट्याचा विषय देशभर चर्चेत आला.

नकली जिभेचा परिणाम दिव्यापुरता राहत नाही. अनेक गाड्यांत नियंत्रक उपकरण पट्टा लावलेला आहे की नाही हे बकलच्या स्विचवरूनच ठरवते, आणि त्याप्रमाणे पट्टा ताणण्याचा व एअरबॅग फुगवण्याचा निर्णय घेते. स्विचने खोटी माहिती दिली, तर पट्ट्याविना बसलेल्या व्यक्तीसाठी पट्टा लावलेल्या व्यक्तीचा हिशेब वापरला जातो. एअरबॅग ही पट्ट्याला पूरक आहे. पट्ट्याविना पुढे फेकला गेलेला चालक फुगत्या पिशवीवर आदळून गंभीर जखमी होऊ शकतो.

बकल हाताने बदलताना दुसऱ्या मॉडेलचे किंवा भंगारातून आणलेले वापरू नये. अपघातात ताण सोसलेला पट्टा वरून धड दिसला तरी पुन्हा वापरण्याजोगा राहत नाही, आणि भंगारातील गाड्यांमध्ये असे पट्टे असण्याची शक्यता अधिक असते.