राजोद्यानातील निमंत्रित

राजवाड्याचे दार आपल्यासाठी उघडावे, ही सामान्य माणसाची फार जुनी हौस आहे. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यात ती दर उन्हाळ्यात हजारो लोकांच्या बाबतीत पुरी होते. राजवाड्यामागील ३९ एकरांच्या उद्यानात राजाच्या वतीने चहापान होते आणि त्याला एका वेळी सुमारे आठ हजार पाहुणे उपस्थित असतात. या सोहळ्याच्या थाटामाटाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. परंतु त्याच्या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे निमंत्रितांची यादी. ती कशी बदलत गेली, हे पाहणे उद्बोधक आहे.

या प्रथेचा आरंभ राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत, १८६० च्या दशकात झाला. १८६१ साली पती प्रिन्स अल्बर्ट यांचे निधन झाल्यावर राणी लोकांपासून दूर एकान्तात राहू लागली होती. त्याच दशकात उद्यानातील हे समारंभ सुरू झाले. ते भरत दुपारी, पण नाव मात्र ‘न्याहारी’! पाहुणे असत सरदार-उमराव, मंत्री आणि परराष्ट्रांचे वकील. २८ जून १८९७ रोजी, राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त झालेल्या समारंभाचे चित्र डॅनिश चित्रकार लॉरिट्स टक्सेन याने रंगवले आहे. त्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांची वृद्ध राणी घोडागाडीतून पाहुण्यांमध्ये आलेली दिसते. त्या हिरवळीवर साम्राज्याचे वैभव होते. साम्राज्याचा भार वाहणारी प्रजा नव्हती.

त्या काळी राजदरबारात प्रवेश मिळवण्याचा आणखी एक मार्ग होता. वरिष्ठ कुळांतील तरुण मुलींना विधिपूर्वक राजासमोर सादर केले जाई. ज्या स्त्रीला पूर्वी असा मान मिळाला असेल, तिनेच नव्या मुलीला पुढे आणायचे, हा दंडक होता. म्हणजे एका घराचे दार दुसऱ्या घराच्या ओळखीनेच उघडे. राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या काळात, १९५८ साली, ही प्रथा बंद झाली आणि तिच्या जागी उद्यानातील चहापानांची संख्या वाढवण्यात आली. कुलीनतेच्या जागी हळूहळू लोकसेवा आली. परिचारिका, शिक्षक, सैनिक, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते अशांची नावे यादीत येऊ लागली.

आज या निमंत्रणासाठी स्वतः अर्ज करण्याची सोय नाही. परगण्यातील राजप्रतिनिधी, सरकारी खाती, सैन्यदले, धर्मसंस्था आणि सेवाभावी संस्था नावे सुचवतात आणि लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीतून निमंत्रणपत्रिका रवाना होते. पुरुषांनी लांब कोट किंवा साधा सूट, स्त्रियांनी दिवसा शोभेल असा पोशाख घालावा, असा संकेत आहे. स्त्रिया बहुधा टोपी घालतात. गणवेश किंवा आपला राष्ट्रीय पोशाखही चालतो.

दुपारी तीन वाजता फाटके उघडतात. चार वाजता राजघराण्यातील मंडळी येतात, राष्ट्रगीताची धून वाजते आणि सारा जमाव स्तब्ध उभा राहतो. मग पाहुण्यांच्या दुतर्फा रांगांमधून राजा चालू लागतो. अधिकारी मधूनमधून काही जणांना पुढे आणून त्यांची ओळख करून देतात. आठ हजारांपैकी किती जणांच्या वाट्याला राजाचा शब्द येणार! बहुतेकांना दुरून दर्शन घडते. मग चहा, सॅण्डविच आणि केकचा तुकडा घेऊन ते सहाच्या सुमारास बाहेर पडतात. एका दिवसात सुमारे सत्तावीस हजार पेले चहा लागतो. तरीही शामियाने वेगवेगळेच असतात: राजघराण्याचा एक, परदेशी वकिलांचा दुसरा आणि इतरेजनांचा तिसरा. यादी रुंदावली, पण पायऱ्या पुरत्या मोडल्या नाहीत, हेही नोंदवले पाहिजे.

पोशाखाच्या संदर्भात भारतीय वाचकाला एक जुना प्रसंग आठवल्याशिवाय राहत नाही. तो उद्यानात नव्हे, तर राजवाड्याच्या आत घडला. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या प्रतिनिधींसाठी ५ नोव्हेंबर १९३१ रोजी राजे पाचवे जॉर्ज यांनी बकिंगहॅममध्ये स्वागतसमारंभ केला. महात्मा गांधी तेथे आपला पंचा आणि शाल याच वेषात गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याशी बोलताना राजाने अस्पृश्यांच्या स्थितीची विचारपूस केली, अशी नोंद धनंजय कीर यांनी आपल्या आंबेडकर-चरित्रात केली आहे. एकाने आपल्या देशाचे दारिद्र्य अंगावर वागवत त्या दालनात नेले, दुसऱ्याने आपल्या समाजाचे दुःख शब्दांत नेले. पाहुणा यजमानाच्या वैभवाने दिपून गेला नाही, तर राजवाड्यातही सत्य बोलता येते, याचा हा दाखला आहे.

करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ साली ही चहापाने झाली नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ निवर्तल्या. त्यानंतर राजे तिसरे चार्ल्स यांनी मे २०२३ मध्ये, आपल्या राज्याभिषेकाच्या तीनच दिवस आधी, त्याच हिरवळीवर पाहुण्यांचे स्वागत केले. राजा बदलला, परंपरा टिकली.

राजाशी एक शब्दही न बोलता परतणारे हजारो पाहुणे निमंत्रणपत्रिका मात्र जपून ठेवतात. ते साहजिकच आहे. वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेत न भरता केलेले काम अखेर कोणीतरी पाहिले आणि न मागता आपले नाव सुचवले, याची ती पत्रिका खूण असते. राजवाडे आपल्या गावी नसतात. पण आपल्या शेजारी मूकपणे राबणाऱ्या माणसाचे नाव चारचौघांत आदराने घेण्याचे काम राजावाचूनही करता येते.