धूसर प्रतीची करामत

सपाट स्कॅनर बनवला गेला कागदासाठी. त्याच्या काचेवर शंख ठेवला, तर काचेला टेकलेला भाग रेखीव येतो आणि वर राहिलेला भाग धूसर. मग आपण संगणकाला चित्र 'शार्प' करायला सांगतो. अशाच एका चित्रावरून आकृती काढताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, प्रत्येक कंगोऱ्याशेजारी ही पांढरी रेघ कसली?" आम्ही शंख हातात घेऊन पाहिला. त्यावर रेघ नव्हती.

या रेघेचे मूळ संगणकाच्या आधीचे आहे. 'अनशार्प मास्क' असे उलटे वाटणारे नाव असलेली ही क्रिया डार्करूममधली. निगेटिव्ह आणि कोरी फिल्म यांच्यामध्ये काच ठेवून, पसरट उजेडात, निगेटिव्हची मुद्दाम धूसर व फिकी पॉझिटिव्ह प्रत काढायची. हाच तो मास्क. तो निगेटिव्हवर नेमका जुळवून दोन्हींतून छपाई करायची. निगेटिव्ह जिथे गडद, तिथे मास्क फिका. त्यामुळे उजेड-अंधाराचे मोठे फरक बरेचसे कमी होतात. बारीक तपशील धूसर मास्कमध्ये उतरलेलाच नसतो, म्हणून तो टिकतो आणि कडक कागदावर छापला की उठून दिसतो.

१९७०च्या दशकात अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेतील डेव्हिड मॅलिन यांनी (हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ!) ही युक्ती दीर्घिकांच्या छायाचित्रांवर वापरली. काही लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवती असलेली अतिशय मंद कवचे त्यांच्या अशा डार्करूममधल्या कामातून दिसली. डेव्हिड कार्टर यांच्यासह त्यांनी ती १९८० साली प्रसिद्ध केली.

संगणक तेच काम आकड्यांनी करतो. वर्गात फळ्यावर करून पाहा. चित्रातील एका ओळीची उजळता समजा अशी आहे: ४०, ४०, ४०, १००, १००, १००, आणि दोन्ही बाजूंना ती तशीच पुढे जाते. प्रत्येक आकड्याऐवजी तो आणि त्याचे दोन शेजारी यांची सरासरी लिहा: ४०, ४०, ६०, ८०, १००, १००. ही झाली धूसर प्रत. मूळ ओळीतून ती वजा करा: ०, ०, −२०, +२०, ०, ०. हा फरक मूळ ओळीत मिळवा: ४०, ४०, २०, १२०, १००, १००. कड ठसठशीत झाली खरी, पण २० आणि १२० हे आकडे मूळ ओळीत कुठे होते? हा १२० म्हणजेच ती पांढरी रेघ.

गंमत म्हणजे डोळाही हेच करतो. उजळता जिथे एकाएकी बदलू लागते तिथे प्रत्यक्षात नसलेले पट्टे दिसतात, असे अर्न्स्ट माख याने १८६५ साली दाखवले आणि त्याचे कारण दृष्टिपटलातील शेजाऱ्यांच्या परस्पर विरोधात असावे असे सुचवले. पुढे हॉर्सशू क्रॅबच्या डोळ्यात, उजेड पडलेला घटक शेजारच्या घटकांचे संदेश दाबतो, हे केफर हार्टलाइन यांनी मोजून दाखवले. दृष्टीवरील कामासाठी १९६७ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांत ते होते.

शंखाची अडचण मात्र निराळी आहे. कागदाच्या चित्रात धूसरपणा सगळीकडे साधारण सारखा असतो; शंखात तो उंचीबरोबर बदलतो. सरासरी दोन-तीन बिंदूंची घेतली तर वरचा भाग धूसरच राहतो, वीस बिंदूंची घेतली तर टेकलेल्या भागाभोवती जाड वलये येतात. आणि जो तपशील स्कॅनरने टिपलाच नाही, तो कोणत्याही वजाबाकीने परत येत नाही.

त्या मुलीने शेवटी शंख वळवून वळवून चार चित्रे घेतली. छापायला शार्प केलेली वापरली. कंगोऱ्यांमधले अंतर मोजले ते मूळ चित्रांवर.